तापावरची वेल ‘इम्युनिटी’ची कशी झाली

कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचं बोटाएवढं जाड खोड आडवं कापलं, की आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. म्हणून जुन्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांमध्ये, तिचं एक नाव चक्रलक्षणिका. दुसरं नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. मुळाशी कापलेली वेल वाळून जात नाही. वरूनच सुतळीसारखं मूळ खाली सोडते आणि जमीन गाठते. हे ज्यानं एकदा पाहिलं, त्याला ‘अमृता’ हे नाव का पडलं हे वेगळं सांगावं लागत नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात तर कथाच आहे: रावणवधानंतर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्यातले थेंब जिथे सांडले तिथे गुडूची, म्हणजेच गुळवेल, उगवली.

चरकसंहितेनं गुळवेलीचा रस चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धीला बळ देणाऱ्या औषधांत घातला. पण घराघरांत ती ओळखली गेली ती तापासाठी. अंगात मुरलेला ताप हटेना, की कांडं ठेचून काढा उकळायचा. वैद्यांकडे गुळवेलीच्या गोळ्या म्हणजे संशमनी वटी, आंबवून केलेलं अमृतारिष्ट आणि ठेचलेली कांडं पाण्यात कालवून तळाशी बसणारं पांढरं सत्त्व असे. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द या सगळ्यात कुठेच नव्हता.

तो आला परळहून. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम तपासायला घेतला. 1993 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास पित्तमार्ग बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांवरचा होता. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग फार लवकर होतो. गुळवेल दिलेल्यांमध्ये तो धोका कमी दिसला. मला हे काम मोलाचं वाटतं, कारण त्यांनी प्रश्न नेमका विचारला: कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी? रुग्ण मोजकेच होते, हेही विसरून चालणार नाही.

2020च्या साथीत हा नेमकेपणा वाहून गेला. निरोगी माणसंही महिनोन्‌महिने रोज काढा पिऊ लागली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, घोळ तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा असावा. त्या जातीच्या खोडावर दाट गाठी असतात. वाद 2022 मध्येही चालू राहिला. डॉक्टरांनी मात्र आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं होतं: इजा झालेल्यांपैकी काहींना स्वयंप्रतिकार आजार होते. अशा आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटलेली असते. तिथे ती आणखी चेतवायची म्हणजे त्याच आगीत तेल.