राष्ट्रगीत न गाणं गुन्हा आहे का?

‘सुप्रीम कोर्टाने ख्रिश्चनांना राष्ट्रगीतातून सूट दिली’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे.

हा दावा ज्या खटल्याबद्दल आहे तो: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकाल ११ ऑगस्ट १९८६. यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला सरळ उभी राहत, फक्त गात नसत. गाणं ही ईश्वराखेरीज दुसऱ्याची उपासना ठरते, अशी त्यांची श्रद्धा. (चर्चला जाणारे बहुतेक ख्रिस्ती राष्ट्रगीत खुशाल गातात.) १९८५ साली मुलांना शाळेतून काढलं. हायकोर्टाने गीताचे शब्द तपासले. त्यात कुणाची श्रद्धा दुखावेल असं काही नाही म्हणून याचिका फेटाळली. सुप्रीम कोर्टाच्या मते प्रश्नच चुकला होता: शब्द कसे आहेत हा मुद्दा नव्हे, श्रद्धा प्रामाणिक आहे का, हा मुद्दा.

राज्यघटनेचा अनुच्छेद ५१क राष्ट्रगीताचा आदर करायला सांगतो. कोर्टाने म्हटलं, उभं राहणं हाच आदर. गायलाच हवं असा कायदा नाही. राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याच्या कलम ३ नुसार गुन्हा म्हणजे दुसऱ्याला गाण्यापासून मुद्दाम रोखणं किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. म्हणजे गप्प उभा असलेला सुटतो, गोंधळ घालणारा अडकतो. मग धर्म कुठलाही असो.