चारशे डॉलरची बॅट खरंच लांब मारते का?

अमेरिकेत स्लो-पिच सॉफ्टबॉलची बरी कंपोझिट (कार्बन-काचेच्या धाग्यांची) बॅट घ्यायला गेलं तर तीनशे-चारशे डॉलर सहज उडतात, आणि गंमत अशी की गेल्या सीझनला "आजवरची सगळ्यात हॉट बॅट" म्हणून विकलेलं मॉडेल यंदा त्याच दुकानात मागच्या रॅकवर सेलचं लेबल लावून उभं असतं. मधल्या वर्षभरात फिजिक्स बदललं की फक्त रंग बदलला? माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे सस्पेन्स नको: सॉफ्टबॉलची बॅट खरोखर सुधारली आणि भरपूर सुधारली, पण ती मुख्यतः १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. मग नियमांनी डोक्यावर छत घातलं, आणि आता "नवीन" म्हणून जे विकतात त्यात बॉलचा स्पीड कमी आणि बाकीचंच जास्त.

हे सगळं स्लो-पिचबद्दल चाललंय बरं का. आपल्याकडे महाराष्ट्रात शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत जे सॉफ्टबॉल खेळतात ते फास्ट-पिच, तिथे आधी बॉलला बॅट लागणं हेच मोठं काम असतं. स्लो-पिचमध्ये पिचर बॉल खालून उंच, कमानीत, साधारण ताशी ४० किमीने टाकतो. तो जवळजवळ सगळ्यांनाच लागतो, इकडे अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये क्रिकेट खेळून आलेल्या आपल्या पोरांनाही पहिल्याच दिवशी लागतो, त्यामुळे प्रश्न उरतो तो किती लांब जातो एवढाच, आणि म्हणून बॅटच्या मागे लागलेली सगळ्यात वेडी माणसं याच खेळात सापडतात.

आता बॉल बॅटला लागतो तेव्हा काय होतं ते बघू. दोघांची गाठ जेमतेम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात बॉल चांगलाच चेपतो आणि परत फुगतो, आणि या चेपण्या-फुगण्यात तो भयंकर एनर्जी खातो. सॉफ्टबॉल कडक भिंतीवर आपटला तर साधारण निम्म्या स्पीडने परत येतो (नियमात बॉलचा हा आकडा ०.४४, ०.५२ असा ठरवून देतात). निम्मा स्पीड म्हणजे एनर्जी चौथा हिस्सा, म्हणजे तीन चतुर्थांश एनर्जी बॉलच्या आतच उष्णता होऊन गेली. चोर बॉल आहे, बॅट नाही! हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

लाकडाची बॅट भरीव, ती दबत नाही, म्हणून सगळं चेपणं बॉलच्या वाट्याला येतं. पोकळ बॅटचं तसं नाही. तिची भिंत बॉलखाली किंचित आत जाते, लगेच बाहेर येते आणि घेतलेली एनर्जी बरीचशी परत देते. भिंत जितकी दबली तितका बॉल कमी चेपला, तितकी चोरी कमी. याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात. हे काही मार्केटिंगवाल्यांनी शोधलेलं नाही, लॅबमध्ये मोजता येतं, आणि चांगल्या-वाईट बॅटमधला मोठा फरक इथेच आहे.

मग भिंत पातळ करत जा की, असं कुणीही म्हणेल. १९७० च्या आसपास ॲल्युमिनियमच्या बॅटी आल्या तेव्हापासून कंपन्या तेच करत होत्या, पण पातळ ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, तडा जातो. यातून वाट काढली डबल-वॉल बॅटने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डीमारिनी कंपनीने ती गाजवली. एक जाड भिंत नको, एकात एक दोन पातळ नळ्या घाला. ट्रकच्या चाकावरचे पाटे आठवा, एकच जाड पट्टी टाकली तर ती वाकणारच नाही, पण चार पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकत मजेत वाकतात आणि वजनही पेलतात, तोच हा प्रकार. त्याच दशकात टायटॅनियमच्याही बॅटी आल्या आणि इतक्या जोरात मारायला लागल्या की लगोलग बंदी आली. २००० च्या आसपास आल्या कंपोझिट, म्हणजे कार्बन आणि काचेचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेल्या. यात भिंत कुठे किती लवचीक ठेवायची ते धाग्याच्या कोनावरून ठरवता येतं, धातूत एवढी मोकळीक नाही.

तर १९८५ ची साधी ॲल्युमिनियम बॅट आणि २००३ ची कंपोझिट यांची तुलना केली तर नवी सरळसरळ जिंकते, यात जाहिरातीचा काही संबंध नाही. क्रिकेटमध्ये हे युद्ध झालंच नाही, कारण १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, भांडण झालं, आणि पुढे बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला, विषय संपला. सॉफ्टबॉलवाल्यांनी दार उघडं ठेवलं आणि मग तीस वर्षं ते बंद करण्यात घालवली.

का बंद करावं लागलं? पिचर ५० फुटांवर उभा असतो. बॅटवरून बॉल ताशी ९८ मैलांनी, म्हणजे जवळजवळ १५८ किमीने निघाला, तर हवेने थोडा मंदावतो हे सोडून दिलं तरी तो पिचरपर्यंत साधारण एक तृतीयांश सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात माणूस दचकतो, बाकी फार काही करू शकत नाही.

सुरुवातीची टेस्ट बीपीएफ नावाची. बॉल कडक भिंतीवरून जितका उसळतो त्याच्या किती पट या बॅटवरून उसळतो ते बघायचं, १.२० म्हणजे वीस टक्के जास्त, त्यापुढे बाद. ऐकायला ठीक. पण ही टेस्ट ताशी ६० मैलांवर व्हायची आणि खऱ्या खेळात बॅट आणि बॉल एकमेकांवर त्याहून कितीतरी जोरात आदळतात. बॉल जितक्या जोरात लागेल तितकी भिंत जास्त दबते, त्यामुळे टेस्टमध्ये शहाण्यासारखी वागणारी बॅट मैदानात वाघ होऊ शकायची. कंपन्यांचे इंजिनिअर काही मूर्ख नव्हते. मग अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने (आता नाव यूएसए सॉफ्टबॉल) २००४ मध्ये टेस्टच बदलली. एअर कॅननमधून बॉल ताशी ११० मैलांनी स्थिर बॅटवर सोडायचा, परत येणारा स्पीड मोजायचा आणि त्यावरून मैदानातला स्पीड काढायचा, तो ९८ मैलांवर गेला की बॅट बाद. कालपर्यंतच्या कितीतरी लाडक्या बॅटी एका रात्रीत यादीबाहेर गेल्या.

म्हणजे बघा, २००४ नंतर एखादी कंपनी म्हणाली की आमची यंदाची बॅट गेल्या वर्षीपेक्षा जोरात मारते आणि दोन्हींवर शिक्का (म्हणजे कुठली टेस्ट पास झाली त्याची खूण) तोच आहे, तर दोनच शक्यता उरतात. एकतर गेल्या वर्षीची बॅट छतापर्यंत पोहोचलीच नव्हती, नाहीतर हे नुसतं बोलणं आहे. चांगल्या कंपन्यांच्या वरच्या रेंजच्या बॅटी छताला डोकं टेकूनच असतात, त्यामुळे माझा कल दुसरीकडे.

पण इथे एक मोठी मेख आहे. कंपोझिट बॅट नवीन असते तेव्हा ती तिची सगळ्यात जोरदार अवस्था नसते. शेकडो फटके बसले की रेझिनमध्ये बारीक बारीक चिरा पडतात, थर एकमेकांपासून सुटायला लागतात, भिंत मऊ होते आणि ट्रॅम्पोलिन वाढतो, आणि शेवटी एक दिवस बॅट फुटते. क्रिकेटची बॅट नॉक करतात ती लाकूड दाबून घट्ट करायला, इथे अगदी उलटं, बॅट आतून थोडी थोडी मोडत असते म्हणून चांगली मारते. म्हणजे टेस्टला पाठवली ती कोरी बॅट पास, आणि दोन सीझन वापरलेली तीच बॅट कदाचित छताच्या वर. २००९ च्या कॉलेज बेसबॉल चॅम्पियनशिपमध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची अमेरिकन संघटना) खेळाडूंच्या हातातल्या २५ कंपोझिट बॅटी तपासल्या तर २० नापास झाल्या! तो खेळ बेसबॉल, पण मटेरियल तेच आणि रोगही तोच. त्यानंतर टेस्टमध्ये बॅट मुद्दाम रोलरमध्ये दाबून म्हातारी करून पुन्हा तपासायची पद्धत आली.

रोलर हे नुसतं लॅबचं उपकरण राहिलेलं नाही. लोक घरी करतात, पैसे घेऊन करून देणारेही आहेत. दोन जाड रोलर, मध्ये बॅटचा बॅरल (पुढचा जाड भाग), वरचा स्क्रू पिळत जायचा आणि बॅट मागे-पुढे ढकलायची, मग थोडी फिरवून परत तेच. आतून कर्रर्र कर्रर्र आवाज येतो, म्हणजे धागे-रेझिन सुटतायत, आणि तो आवाज ऐकून मालकाच्या तोंडावर जे समाधान येतं ते बघण्यासारखं असतं, चारशे डॉलरची वस्तू मोडताना इतका खूश माणूस दुसरीकडे दिसणार नाही. काही जण त्याच्याही पुढे जातात, शेवटची टोपी काढून आतली भिंत तासून टाकतात. दोन्ही प्रकार बेकायदा. म्हणून बऱ्याच टूर्नामेंटला आता टेबलावर एक छोटं यंत्र असतं, त्यात बॅरल अडकवायचा, ठरलेल्या अंतरापर्यंत दाबायचा आणि किती जोर लागला तो आकडा बघायचा. कमी जोरात दबली तर बॅट गाडीत ठेवून या.

म्हणून कुणी म्हणालं की माझी जुनीच बॅट या नवीनपेक्षा भारी मारते, तर त्याला आठवणींचा आजार म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा तो बरोबर असतो. आणि "रॅपरमधून काढल्या काढल्या हॉट" असं नवीन बॅटीवर लिहिलेलं असतं ना, त्यात थोडं तथ्य आहे. बॅट पहिल्या दिवशीच छताजवळ असावी आणि नंतर फार वर सरकू नये असं डिझाइन करणं हे खरं इंजिनिअरिंग आहे. फक्त त्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांचा, तेवढ्यासाठी किती मोजायचे ते आपलं आपण ठरवावं.

आता जाहिरातीतली आवडती वाक्यं. पहिलं, लवचीक हँडल, चाबकासारखा फटका. पेन स्टेट विद्यापीठाचे डॅनियल रसेल आणि इलिनॉयचे ॲलन नेथन ही बॅटच्या फिजिक्समधली दोन मोठी नावं, आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे: बॅरलवर बॉल लागल्यावर कंपनाची लाट हँडलपर्यंत जाऊन परत येईपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. हँडल ताठ की मऊ, बॉलला त्याची खबरच नसते. दोन तुकडे जोडलेल्या बॅटीत हाताला झिणझिण्या कमी येतात हे मात्र खरं, आणि थंडीत खेळणाऱ्याला त्याची किंमत कळते, पण ते बोटांचं सुख झालं.

दुसरं, वजन. हे मात्र नीट ऐका. बॅट किती औंसांची यापेक्षा ते वजन हँडलपासून किती लांब आहे याला महत्त्व, ज्याला स्विंग वेट म्हणतात. लॉयड स्मिथ, जेफ ब्रोकर आणि नेथन या संशोधकांनी स्लो-पिचच्या हौशी खेळाडूंना दोन प्रकारच्या बॅटी दिल्या, काही सारख्या वजनाच्या पण स्विंग वेट वेगळं, काही उलट, आणि दिसलं असं की फिरवण्याचा स्पीड स्विंग वेटवर ठरतो, नुसत्या वजनावर नाही. आता हिशोब करू. समजा स्थिर बॅटवरून बॉल १५ टक्के स्पीडने परत येतो (बॅट भिंतीसारखी पक्की नसते, मागे ढकलली जाते). पिच ताशी ४० किमीची असेल तर तिच्याकडून मिळतात ६, आणि बॅट १३० ने फिरली तर तिच्याकडून १३० गुणिले १.१५, म्हणजे जवळजवळ १५०. बॉल साधारण १५५ ने निघाला. स्विंग दहा टक्क्यांनी वाढवा, सरळ १५ किमी वाढतात. बॅट सुधारून ते १५ टक्के २० वर नेले तरी वाढतात साडेआठ. म्हणून स्वतःला झेपेल ते स्विंग वेट निवडणं हे मॉडेलच्या वर्षापेक्षा जास्त कामाचं, आणि जोड्याच्या दुकानात दोन साइज घालून बघतो तशा दोन-तीन बॅटी फिरवून बघायला पैसे पडत नाहीत.

तिसरं म्हणजे आवाज. ॲल्युमिनियमचा टणक "टिंग" बॅरलची गोल भिंत थरथरते त्यातून येतो, आणि त्याची फ्रिक्वेन्सी भिंतीच्या मऊपणाशी जोडलेली असते. कंपोझिटचा आवाज खालचा, जाड. त्यामुळे आवाजावरून थोडा अंदाज येतो, पण लोक आवाजावरच बॅट विकत घेतात हे जरा जास्त झालं. नवी बॅट हातात आली की माणूस मुळातच जोरात फिरवतो, शिवाय उन्हात बॉल मऊ पडतो, सकाळ-संध्याकाळ वेगळा उडतो, आणि रंग-आवाज झाकून बॅट मारून बघायची सोय कुणाच्या मैदानावर नसते. तेव्हा "काल तिसरा बॉल झाडांत गेला" हा पुरावा होत नाही.

आणि नवीन म्हणजे जास्त ताकद असं तरी कुठेय? २०११ मध्ये कॉलेज बेसबॉलने बॅटवर कडक मर्यादा आणली आणि दर मॅचमागे एका टीमच्या होमरनची सरासरी ०.९४ वरून ०.५२ वर आली. बॅटी कोऱ्या करकरीत, किंमत तीच किंवा जास्त, आणि मारायच्या कमी.

घ्यायचीच असेल तर आधी आपल्या लीगला कुठला शिक्का चालतो ते विचारा, मग त्या शिक्क्याची गेल्या वर्षीची बॅट सेलमध्ये शोधा, स्विंग वेट झेपतंय का बघा. कंपोझिट घेतलीत तर पारा १५ डिग्रीच्या खाली गेल्यावर ती बाहेर काढू नका, कडक थंड बॉलने फुटते, अशा दिवशी जुनी ॲल्युमिनियमच बरी. आणि खरंच सगळ्यात हॉट बॅट हवी असेल तर वय वाढायची वाट बघा. अमेरिकेतल्या सीनियर सॉफ्टबॉलमध्ये बीपीएफ १.२१ चा शिक्का चालतो, बाकीच्या बहुतेक लीगमध्ये नाही, त्यामुळे पासष्टीच्या आजोबांच्या हातात जी बॅट असते ती त्यांच्या नातवाला मैदानात आणायची परवानगी नाही.