खुलासा: ‘दहा वर्षांचा अनुभव’ म्हणजे नेमकं काय?

गणपतीला पुण्या-मुंबईहून रत्नागिरीत आलेली मंडळी पडवीत बसली की हे हमखास ऐकू येतं: सॉफ्टवेअरमध्ये जितकी वर्षं जास्त, तितका माणूस पक्का. गावातली शिकणारी मुलं ते ऐकून खचतात, म्हणून लिहितोय. हे खरं नाही.

१९६८ साली सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या संशोधकांनी अनुभवी प्रोग्रामरना एकसारखीच कामं देऊन पाहिली. चुका शोधायच्या वेळेत वीसपटीहून जास्त फरक पडला आणि अनुभवाच्या वर्षांशी त्याचा मेळ बसला नाही. (माणसं जेमतेम बारा होती, तेव्हा आकडा जपूनच वापरावा.)

खाडीत एकाच धक्क्यावरून तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) हाकणारा आणि वादळातून होडी परत आणणारा तांडेल, दोघांची वर्षं सारखीच भरतात. आपणच लिहिलेला कोड दोन वर्षांनी दुरुस्त करावा लागला, की आपले निर्णय कुठे चुकले ते कळतं. दर सहा महिन्यांनी प्रोजेक्ट बदलणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. म्हणजे काळ लागतोच, पण नुसता काळ पुरत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा वर्षांआधी हे सांगा: काय बंद पडलं होतं, कारण कसं शोधलंत आणि नंतर काय बदललंत.