एकच ठोसा, तीन उत्तरे

छातीच्या रोखाने ठोसा येताना दिसला की बहुतेकांचे खांदे वर चढतात, श्वास अडकतो आणि हात ताठ होतात. ज्या चिनी युद्धकलांना ‘नैज्या’, म्हणजे अंतर्गत घराण्याच्या कला, असे म्हटले जाते, त्यांच्या शिक्षणाचा बराच काळ ही उपजत सवय मोडण्यात जातो. ताय ची च्वान, शिंगयी च्वान आणि बाग्वा जांग या त्यांतील तीन प्रमुख कला. ‘नैज्या’ हा शब्द चिनी विद्वान हुआंग त्सुंगशी यांनी १६६९ साली लिहिलेल्या एका समाधिलेखात आढळतो. मात्र या तिघींना एकाच तत्त्वाच्या शाखा म्हणून वाचकांसमोर मांडले ते मुख्यतः सुन लुथांग (१८६०–१९३३) यांनी. ते तिन्ही कलांत पारंगत होते आणि १९१५पासून त्यांनी त्यांवर पुस्तके लिहिली. तेव्हा हे ‘प्राचीन घराणे’ आजच्या रूपात तरी फारसे जुने नाही.

तिघींचा पाया मात्र खरोखरच समान आहे. दंडाचा पुढचा स्नायू कोपर दुमडतो आणि मागचा ते सरळ करतो. ठोसा मारताना दोन्ही एकदम आवळले गेले, तर एक दुसऱ्याला ब्रेक लावतो आणि हात कडक पण मंद होतो. म्हणून ‘सुंग’ या अवस्थेवर भर दिला जातो. सुंग म्हणजे सैल, पण ढेपाळलेले नव्हे: गरज नसलेला ताण सोडायचा आणि जमिनीने तळपायाला दिलेला रेटा पाय, कंबर, पाठ, खांदा या मार्गाने हातापर्यंत विनाअडथळा पोहोचू द्यायचा. येथे गूढ ‘ची’ शक्ती आठवणाऱ्यांसाठी एक खुलासा: ताय ची या नावातला ‘ची’ आणि प्राणशक्ती या अर्थाचा ‘ची’ हे चिनी भाषेत दोन वेगळे शब्द आहेत.

फरक पडतो तो येणाऱ्या ठोशाच्या रेषेचे काय करायचे, या प्रश्नावर.

शिंगयी ती रेषा सोडत नाही. भाला खुपसण्याच्या हालचालीशी नाते सांगणारी ही कला समोरच्याचा हल्ला पूर्ण होण्याआधीच त्याच्या मध्यावर चालून जाते. तिच्या पाच मूळ ठोशांपैकी ‘बंग’ जवळून पाहण्यासारखा आहे. पुढचा पाय सरकतो, मागचा त्याच्यामागे ओढला जातो आणि मूठ, पाऊल व धड जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात. माणसाच्या एका हाताचे वस्तुमान शरीराच्या सुमारे ५ टक्के असते, म्हणजे ७० किलोच्या माणसात साधारण साडेतीन किलो. केवळ हात फेकला तर तेवढेच आदळते. सांधे नेमक्या क्षणी जुळले तर धडाचा वाटाही त्यात मिळतो. क्वो युनशेन या गुरूने अर्ध्या पावलाच्या बंगने सगळ्यांना हरवले, अशी आख्यायिका सांगतात.

ताय ची त्या रेषेला हात लावून ती वळवते. तिचा जोडीने करायचा सराव ‘थ्वेइशौ’ म्हणजे हात ढकलणे. दोघांची मनगटे एकमेकांना टेकलेली असतात, कारण समोरच्याच्या हालचालीची चाहूल डोळ्यांपेक्षा स्पर्शातून लवकर लागते. ‘चार ल्यांगांनी हजार चिन वळवावे’ हे तिचे प्रसिद्ध सूत्र आहे. ल्यांग आणि चिन ही वजनाची मापे; जुन्या हिशेबात एका चिनचे सोळा ल्यांग होत. म्हणजे प्रमाण एकास चार हजार झाले! अतिशयोक्ती उघड आहे, पण तत्त्व बरोबर आहे: समोरून येणारा जोर थांबवण्यापेक्षा त्याला आडवा हलका रेटा देऊन दिशा बदलणे कितीतरी स्वस्त पडते, मात्र तो रेटा लवकर द्यावा लागतो.

बाग्वा रेषेवर थांबतच नाही. १८८२ साली निधन पावलेल्या तुंग हायच्वान यांनी बीजिंगमध्ये शिकवलेल्या या कलेचा कणा म्हणजे वर्तुळावर चालणे: पाऊल कधी आत, कधी बाहेर वळवत प्रतिस्पर्ध्याच्या बगलेकडे सरकायचे आणि मुठीऐवजी तळहात वापरायचा. उभ्या माणसाचा आधार दोन पावलांना जोडणाऱ्या दिशेत लांब आणि तिच्या आडव्या दिशेत अरुंद असतो. बाग्वा चालते ती हा अरुंद भाग गाठण्यासाठी.

ताय ची संथ का करतात, याचेही उत्तर तोलातच आहे. वेगात पाऊल टाकताना गेलेला तोल गतीच्या भरात झाकला जातो. संथ पावलात वजन एका पायावर पूर्ण गेल्याशिवाय दुसरा पाय उचलताच येत नाही. अमेरिकेत ओरेगन येथे पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे सराव केला. तोलाच्या मोजमापांत ताय ची करणारा गट वजनांचा व्यायाम करणाऱ्या आणि केवळ स्नायू ताणण्याचा (स्ट्रेचिंगचा) व्यायाम करणाऱ्या, अशा दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला. पडण्याचे प्रमाण मात्र ताय ची करणाऱ्यांत स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले, वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा नाही.