ऑस्ट्रेलियात लीडरशिप-मॅनेजमेंटचा डिप्लोमा: प्रवेश मिळतो, मग व्हिसा कुठे अडतो?

"भाऊ, कॉलेजनं तं घेतलं, मंग व्हिसा काहून नाही देला?" यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याच्या तालुक्यांतून हा प्रश्न आता वरचेवर येतो. कॉलेजने घेणं आणि सरकारने येऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फार सोपी आहे, म्हणूनच एजंट आधी तीच करून देतो आणि पेढे वाटायला लावतो. लीडरशिप अँड मॅनेजमेंट हा विषय तर हमखास सुचवला जातो, कारण गणित नको, प्रवेश परीक्षा नको, बारावी झाली की चालतं. व्हिसा अधिकाऱ्यालाही हे ठाऊक आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आधी कोर्सबद्दल थोडक्यात. हे विद्यापीठाचं शिक्षण नाही, व्यावसायिक शिक्षण आहे. डिप्लोमाचा कोड बीएसबी५०४२०. एकूण १२ युनिट, त्यातली ६ सक्तीची: परिणामकारक संवाद, टीमचं काम सांभाळणं, कामाचा आराखडा राबवणं, भावनिक समज अशा स्वरूपाची. गुण किंवा टक्के मिळत नाहीत, 'सक्षम' किंवा 'अजून सक्षम नाही' एवढाच शेरा मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत हा पाचव्या पातळीचा कोर्स आहे आणि पदवी सातव्या पातळीवर येते. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्यावरचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा (बीएसबी६०४२०) सहाव्या पातळीचा. त्याला प्रवेशाची अट आहे: आधी याच गटातला डिप्लोमा किंवा जबाबदारीच्या पदावर पूर्णवेळ दोन वर्षांचा अनुभव. बारावीनंतर घरची शेती पाहणाऱ्या मुलाचं नाव थेट अॅडव्हान्स्डला टाकून अनुभवाचं पत्र 'मॅनेज' करणारे महाभाग आहेत. तसं पत्र जोडू नका. खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, शिवाय तीन वर्षं व्हिसा मिळण्याची वाट बंद होते. ओळखीबाबत खोटं असेल तर दहा वर्षं.

कॉलेज निवडताना दोन नोंदी स्वतः तपासा. संस्था आणि तिचा तोच कोर्स क्रायकॉस या सरकारी नोंदवहीत असायलाच हवा, कारण परदेशी विद्यार्थ्याला त्याशिवाय प्रवेश देता येत नाही. कोर्सचा कोड अजून चालू आहे का, हे ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू वर दिसतं. प्रत्येक कॉलेजने आपल्या एजंटांची यादी वेबसाइटवर द्यायची असते. तुमच्या गावात बॅनर लावणारा त्या यादीत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चार उत्तरं, प्रत्येकी १५० शब्द

सबक्लास ५०० या विद्यार्थी व्हिसासाठी २३ मार्च २०२४ पासून 'जेन्युइन स्टुडंट' ही कसोटी आहे. आधी लांबलचक निवेदन द्यावं लागायचं. आता अर्जातच प्रश्न आहेत आणि प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा आहे. घरची, समाजातली, नोकरीची आणि आर्थिक परिस्थिती काय? हाच कोर्स, याच देशात, याच कॉलेजात का? तो झाल्यावर उपयोग काय? आणखी काही सांगायचं आहे का? बहुतेक अर्ज पडतात ते इथेच.

एजंटकडची उत्तरं एकाच साच्यातली असतात. 'जागतिक दर्जाचं शिक्षण', 'बहुसांस्कृतिक वातावरण', 'माझी नेतृत्वाची आवड'. दारव्ह्याच्या मुलाचं आणि लोणारच्या मुलीचं उत्तर शब्दाशब्दाला सारखं निघतं. अधिकाऱ्याने असे अर्ज ढिगाने पाहिलेले असतात.

सर्वात अवघड जागा आहे ती पदवीधरांची. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम. झाली आहे, म्हणजे सातवी पातळी. आता पाचव्या पातळीच्या डिप्लोमाला अर्ज. खाली का उतरता, हा प्रश्न अधिकारी मनात धरणारच, आणि उत्तरात त्याचा उल्लेखही नसेल तर तो स्वतःच अर्थ काढतो: याला शिकायचं नाही, काम करायचं आहे. पातळी खाली असणं हा काही गुन्हा नाही, पण कारण सांगावं लागतं आणि ते कागदावर दिसावं लागतं. समजा एखादी मुलगी शेतकरी उत्पादक कंपनीत तीन वर्षं खरेदीचा हिशेब बघते आहे आणि आता तिच्या हाताखाली तूर-सोयाबीनच्या संकलनावर माणसं आहेत. तिच्याकडे नेमणूकपत्र आहे, पगार खात्यात जमा होतो, आणि परत आल्यावर कोणतं काम देऊ हे कंपनीने लेटरहेडवर लिहून दिलं आहे. तिचं उत्तर आपोआप खरं वाटतं. तिने कोर्समधली कोणती युनिटं आपल्या कामाला लागतात तेवढं नावानिशी लिहावं, म्हणजे झालं.

आणि गॅप. बारावीनंतर चार वर्षं काय केलं, याला 'शेती' एवढं उत्तर पुरत नाही. किती एकर, कोणतं पीक, विक्री कुणाच्या नावावर, दूध डेअरीला घातलं असेल तर त्याची बिलं, हे जोडा. रिकामं सोडलेलं वर्ष अधिकारी स्वतःच्या मनाने भरतो. उत्तरं इंग्रजीत द्यायची असतात, पण आधी मराठीत स्वतः लिहून काढा आणि मग कुणाकडून तरी उतरवून घ्या. उलट्या क्रमाने केलं की मुलाखतीचा फोन आल्यावर आपल्याच अर्जात काय लिहिलंय ते सांगता येत नाही.

पैसा आहे, पण दिसत नाही

एका वर्षाच्या राहण्याच्या खर्चासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १० मे २०२४ पासूनचा. डॉलरचा भाव ६० रुपये धरला तर पावणेअठरा लाखांच्या वर जातो. शिवाय पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. जोडीदार सोबत असेल तर आणखी १०,३९४ डॉलर. एवढे पैसे 'आहेत' म्हणून चालत नाही. ते कुणाचे, कुठून आले आणि तुम्हाला वापरता येतील का, हे तिन्ही सिद्ध व्हावं लागतं.

खेड्यातल्या माणसाची इथे कोंडी होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बापाने कधी आयकर विवरण भरलेलं नसतं. कापूस गावच्या व्यापाऱ्याला रोखीने दिलेला, पट्टी हरवलेली. वडिलांच्या नावे दहा एकर ओलीत असलं तरी सातबारा म्हणजे रोकड नव्हे. जमीन श्रीमंती दाखवते, हातातला पैसा दाखवत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत जोडा, पण तो एकटा काहीच सिद्ध करत नाही. त्यातही गंमत अशी की शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर उत्पन्न साठ हजार आणि व्हिसाच्या अर्जात वीस लाख. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावणारे लोक मी पाहिले आहेत.

अर्जाच्या आठवडाभर आधी मामा, काका आणि सावकाराकडून गोळा करून खात्यात टाकलेली रक्कम लगेच ओळखू येते. दोन वर्षं तीन-चार हजारांवर असलेलं खातं एका दिवसात वीस लाखांवर गेलं की प्रश्न आलाच. जमीन विकून पैसा आला असेल तर खरेदीखताची नोंदणीकृत प्रत जोडा. कापूस सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी महामंडळाला) दिला असेल तर पैसे बँकेत आलेले असतात, ते पासबुक जपून ठेवा. बाजार समितीच्या काटापट्ट्याही फेकू नका. मामा खर्च करणार असेल तर नातं सिद्ध करणारे कागद आणि त्याच्या उत्पन्नाचे पुरावे हवेत. खर्चाऐवजी आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न दाखवण्याची सोय नियमात आहे, पण ते ८७,८५६ डॉलर, म्हणजे बावन्न लाखांच्या वर हवं आणि तेही सरकारी कागदावर. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या ती उपयोगाची नाही.

म्हणून शैक्षणिक कर्जाकडे वळतात. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुधा घेत नाही. व्यवस्थापक खडूस आहे म्हणून नव्हे: थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्याच्या कलम ३१ मधून शेतजमीन वगळलेली आहे. मग घर सांगतात. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी होऊन सनद, मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती घेऊनच बँकेत जा. मिळाली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी आजच करा, व्हिसाच्या महिन्यात नव्हे, कारण तिथलं 'पुढच्या सोमवारी या' किती सोमवार चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. बँकेला पहिला प्रश्न हा विचारा: पदवी नसलेल्या परदेशी डिप्लोमाला तुमच्या योजनेत कर्ज बसतं का? उत्तर लेखी घ्या.

पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेच्या नावाने पुष्कळ जण फसतात. ती योजना भारतातल्या निवडक संस्थांच्या प्रवेशासाठी आहे. तसंच राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती: दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, डिप्लोमाला नाहीत. समाजकल्याणच्या ऑफिसात चकरा मारू नका.

नाव आणि तारीख

बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर 'राव', 'सिंग', 'बाई' कधी आहे, कधी नाही. लग्न झालेल्या मुलीचं आधार सासरच्या नावाने आणि टी.सी. माहेरच्या, मधला दुवा असलेलं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलेलंच नाही. आणि जन्मतारीख: शाळेत घालताना गुरुजींनी सोयीने १ जून लिहिली, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला कार्तिकातली. हे सगळं पासपोर्ट काढायच्या आधी एकसारखं करा. जन्माची नोंदच नसेल तर वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला महिने जातात. व्हिसाचा अर्ज भरल्यावर नवीन तारखेचा दाखला जोडणं म्हणजे संशयाला आमंत्रण.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, सातबाऱ्यासकट. भाषांतर भारतात केलं तर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता-अनुभव त्यावर हवा. नुसता नोटरीचा गोल शिक्का पुरत नाही.

इंग्रजी: आयईएलटीएस ६.०. ५.५ असेल तर आधी इंग्रजीचा दहा आठवड्यांचा कोर्स जोडावा लागतो. घरबसल्या दिलेली ऑनलाइन परीक्षा चालत नाही. आरोग्य विमा (ओएसएचसी) कोर्सच्या नव्हे, पोहोचण्याच्या तारखेपासून घ्या. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. पासपोर्ट नागपूरच्या क्षेत्रीय कार्यालयातून, त्यात आता विशेष काही नाही.

व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर आहे, म्हणजे ६० च्या भावाने एक लाख वीस हजार. नकार आला तरी परत मिळत नाही. आकडे बहुधा जुलैत बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी होम अफेअर्सच्या (ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या) साइटवर बघा, मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर नको.

मुदत कुणाच्या मेलवर येते?

जादा कागद मागितले की साधारण २८ दिवस मिळतात, आणि ते मेल निघाल्यापासून मोजतात, तुम्ही उघडल्यापासून नाही. एजंटने मेल आयडी स्वतः बनवला असेल, पासवर्ड त्याच्याकडे असेल, तर मुदत उलटून गेल्यावर तुम्हाला कळतं. असे अर्ज बघून खरंच जीव तुटतो, कारण मुलाने काही चुकवलेलं नसतं. मेल आयडी तुमचा, मोबाइल नंबर तुमचा, आणि अर्ज भरलेल्या खात्याचा पासवर्ड तुमच्या वहीत. यावर एजंट कुरकुरला तर ते लक्षण समजा.

पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहण्याचं स्वप्न विकणाऱ्यांना एवढं विचारा: डिप्लोमानंतरचा काम करण्याचा ४८५ व्हिसा कोणत्या व्यवसायाच्या आधारे मिळेल? व्यावसायिक शिक्षणवाल्यांना यादीतल्या व्यवसायाशी जुळणारा कोर्स लागतो, किमान ९२ आठवड्यांचं शिक्षण लागतं, आणि वय साधारण ३५ च्या आत हवं. लीडरशिपचा डिप्लोमा कोणत्याही एका व्यवसायाचा नसतो, म्हणून तो जुळवणं अवघड जातं. शिकताना काम पंधरवड्याला ४८ तासांपुरतं, तेही कोर्स सुरू झाल्यावर. एवढ्या कमाईत तिथली फी आणि इथला हप्ता दोन्ही निघत नाहीत. शिवाय मुख्य कोर्सच्या पहिल्या सहा महिन्यांत कॉलेज बदलायचं असेल तर आधीच्या कॉलेजची परवानगी लागते, आणि खालच्या पातळीच्या कोर्सला गेलात तर नवा व्हिसा.

नकार आलाच तर: भारतातून केलेल्या अशा अर्जावर तिथल्या न्यायाधिकरणात सहसा अपील करता येत नाही. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं, ते एजंटकडून मागून घ्या, 'सिस्टिमनं केलं' यावर समाधान मानू नका. तेच कागद पुन्हा लावून नव्याने फी भरणं म्हणजे एक लाख वीस हजार पाण्यात. कॉलेजची फी मात्र परत मिळते. कोर्स सुरू होण्याआधी व्हिसा नाकारला गेला तर कॉलेज एकूण रकमेच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर, यातली कमी असेल तेवढीच कापू शकतं आणि बाकीचे चार आठवड्यांत द्यायला बांधील असतं. ते पैसे तुमच्या खात्यात यावेत म्हणून फी भरतानाच रक्कम तुमच्या किंवा वडिलांच्या बँक खात्यातून थेट कॉलेजला पाठवा. एजंटच्या हातात रोख देऊन पावती नंतर घेऊ म्हणालात, तर परतावा कुठे जातो हे विचारायलाही कागद उरत नाही.