मुलाचं हित मोजायचं कसं?

दुसऱ्या देशात आश्रय मागणाऱ्या कुटुंबाची चौकशी होते, तेव्हा प्रश्न बहुतेक आईवडिलांनाच विचारले जातात. देश का सोडला, धोका कोणापासून होता, कागदपत्रं कुठे आहेत? मुलं त्या अर्जात नाव आणि जन्मतारखेपुरतीच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं तिसरं कलम मात्र सांगतं, की मुलाविषयीच्या प्रत्येक निर्णयात त्याच्या हिताला प्राधान्य हवं. पण हित म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या करारात नाही. ते शोधण्याचं काम सोशल वर्करकडे येतं.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठात मार्ग्रीटे काल्व्हरबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी १४ कसोट्या मांडल्या. सात घरातल्या, सात घराबाहेरच्या. पोटभर अन्न आणि सुरक्षित निवारा आहे का? घरात माया आहे का, वळण लावणारं कोणी आहे का? बाहेर शाळा, सवंगडी, मान मिळतो का? दोन्ही यादींच्या शेवटी एकच गोष्ट येते: स्थैर्य, आणि पुढे काय होणार याची काहीतरी खात्री. कुटुंब इथे राहिलं तर काय आणि परत पाठवलं तर काय, अशा दोन्ही बाजूंनी या कसोट्या लावून पाहता येतात. मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ इथेच दिसतं.

प्रत्यक्ष भेटीत मात्र कौशल्य लागतं ते ऐकण्याचं. समोर बसलेली सोशल वर्कर आणि चौकशी करणारा अधिकारी मुलाला सारखेच वाटतात, म्हणून आपण कोण, लिहिलेलं कोण वाचणार, हे आधी सांगावं लागतं. दुभाषी घरातला नसावा. भाषा लवकर शिकलेल्या मुलीलाच दुभाषी केलं, तर आईवर झालेले अत्याचार तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागतात आणि तिचं स्वतःचं म्हणणं तसंच राहून जातं. 'तुला कसं वाटतं?' या प्रश्नाला बहुधा 'ठीक' एवढंच उत्तर येतं. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?' असं विचारलं, की धाकट्या भावाला कोण आंघोळ घालतं, सरकारी पत्रं कोण वाचून दाखवतं, रात्री कोण जागं असतं, हे आपोआप कळतं. दहा वर्षांची मुलगी घर चालवत असेल, तर ती 'समंजस' आहे म्हणून पुढे जाणं ही मोठी चूक ठरेल. गप्प बसणारं, कसलाच त्रास न देणारं मूलही असंच नजरेआड होतं.

आणखी एक गोष्ट. काय घडलं हे लहान मूल नीट सांगू शकतं, पण कधी घडलं ते सांगणं त्याला जड जातं. महिने आणि वर्षं यांची जाण प्राथमिक शाळेच्या वयात हळूहळू येते. म्हणून तारखा जुळल्या नाहीत, एवढ्यावरून मुलाला खोटं ठरवता येत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली निर्वासित मुलांच्या मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. त्यात हिंसेच्या अनुभवाबरोबरच नव्या देशात पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागणं हाही धोक्याचा घटक दिसला. आईवडिलांचा आणि मित्रांचा आधार, शाळेतला चांगला अनुभव यांनी मुलं सावरताना दिसली. म्हणजे मुलाचं दुखणं सगळंच मागच्या देशातून आलेलं नसतं. स्वीडनमध्ये निकालाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांतली शेकडो मुलं खाणंपिणं, बोलणं, हालचाल थांबवून अंथरुणाला खिळली होती. २०१४ साली तिथल्या आरोग्य यंत्रणेने या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. वाट पाहून खचलेल्या आईच्या नावापुढे 'संगोपनात कमी पडते' एवढाच शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं. अहवालात त्या वाट पाहण्याची नोंदही यायला हवी.

अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच असतो. पण या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१३ साली स्पष्ट केलं आहे, की मुलाचं हित कसं ठरवलं आणि इतर बाबींच्या तुलनेत त्याला किती वजन दिलं, हे निर्णयात कारणांसह लिहायला हवं. निकाल मुलाच्या विरोधात गेला तरीही.