गेटवेच्या आधीची गोष्ट

३० मार्च २०२३ला गेटवे ऑफ इंडियासमोर 'डिओर' या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो झाला. तिच्या तेव्हाच्या मुख्य डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी आणि मुंबईतल्या 'चाणक्य' भरतकाम कार्यशाळेच्या करिश्मा स्वाली यांच्या जुन्या मैत्रीची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याआधी, जानेवारी २०२२मध्ये, याच दोघींच्या पुढाकाराने मनू आणि माधवी पारेख या चित्रकार दांपत्याची चित्रं पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात भरतकाम होऊन भिंतीभर झळकली होती.

चित्रकार आणि फॅशनच्या मैत्रीचा विषय निघाला की डिझायनर एल्सा स्कियापारेली आणि चित्रकार साल्वादोर दाली, त्यांचा १९३७चा लॉब्स्टरवाला पोशाख, हे ठरलेलं उदाहरण. पण मनू पारेख कापडाला नवखे नव्हतेच. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली होती. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सरकारी केंद्रांत हातमागाची डिझाइनं करायला चित्रकार नेमले जात. चित्रं विकून घर चालण्याचे ते दिवस नव्हते. महिन्याच्या पगाराने कित्येकांना तारलं. आपले चित्रकार प्रभाकर बरवेही तिथलेच. १९६१मध्ये त्यांना बनारसच्या केंद्रात जावं लागलं आणि तिथे त्यांना तंत्रकला, म्हणजे तांत्रिक पंथांची प्रतीकचित्रं, भेटली. त्यांच्या चित्रांचं वळण बदलणारी ही बदली एका सरकारी खात्याने केली, याची मला अजूनही गंमत वाटते.

सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथय्यांच्या बाबतीत तर चित्रकार आणि डिझायनर एकच. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची ही मुलगी जे.जे.त शिकली, १९५३मध्ये 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या चित्रकार मंडळींच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. मग 'ईव्हज वीकली' या मासिकवजा साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं, तिथून कपडे, १९५६चा 'सी.आय.डी.' आणि १९८३मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर.

या मैत्र्यांमधला कारीगर मात्र बहुतेक वेळा बिननावाचाच राहतो. चित्राचा खाका कागदावर उतरवायचा, रेषेरेषेवर सुईने भोकं पाडायची, रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने फिरवून नक्षी कापडावर छापायची. मग लाकडी अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, कापड ताणून आरी, म्हणजे आकडीची सुई, चालते. ब्रशचा फटकारा कुठल्या टाक्याने पकडायचा हे पुष्कळदा त्या हातांनाच ठरवावं लागतं. मुंबईच्या कारखान्यांत हे हात बहुतांशी पुरुषांचे. 'चाणक्य'ने २०१६मध्ये काढलेल्या शाळेत आता बायका हे काम शिकतात.